जुन्या मित्राशी नव्याने बोलताना: कोणते प्रश्न विचारावेत आणि कसे विचारावेत

वीस वर्षांच्या मैत्रीतही एकमेकांविषयीची माहिती एका ठरावीक टप्प्यावर येऊन थांबलेली असते. मित्र कोणत्या कंपनीत आहे, त्याची मुलगी कितवीत आहे, घराचा हप्ता अजून किती वर्षे चालणार आहे, हे सारे आपल्याला ठाऊक असते. परंतु वडील गेल्यानंतरचे पहिले वर्ष त्याने कसे काढले, नोकरीतल्या कोणत्या भागाचा त्याला मनापासून कंटाळा आहे, पहाटे जाग आली की त्याला कशाची काळजी लागते, हे कोणी विचारले तर आपल्यापाशी उत्तर नसते. भेटी कमी झाल्या म्हणून असे होते, अशी आपण स्वतःची समजूत घालतो. प्रत्यक्षात भेटी होतात आणि गप्पाही होतात, पण त्या गप्पांत खरे प्रश्न फार थोडे असतात. ‘काय चाललंय?’ याला ‘निवांत’ आणि ‘घरी सगळे बरे?’ याला ‘हो, मजेत’ ही उत्तरे ठरून गेलेली असतात, आणि त्यानंतर बोलणे रहदारी, राजकारण, क्रिकेट आणि शाळेच्या फीकडे वळते.

या लेखात विचारण्याजोगे अनेक प्रश्न दिले आहेत. तरीही यादीपेक्षा दोन गोष्टींवर माझा अधिक भर आहे: जो प्रश्न आपण विचारतो त्याचे उत्तर स्वतः देण्याची तयारी असणे, आणि मिळालेल्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न काढता येणे. या दोन गोष्टी जमल्या की साधा प्रश्नही पुरतो. त्या नसल्या तर उत्तम प्रश्नसुद्धा मुलाखतीसारखा वाटतो.

या विषयावर मानसशास्त्रात बरेच काम झाले आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आर्थर अ‍ॅरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात एकमेकांना अनोळखी असलेल्या विद्यार्थ्यांच्या जोड्यांना ३६ प्रश्न तीन टप्प्यांत दिले होते आणि सुमारे ४५ मिनिटे ते दोघांनीही आळीपाळीने सोडवायचे होते. प्रश्न हलक्या विषयांपासून सुरू होऊन हळूहळू खासगी विषयांकडे जात. जुजबी गप्पा मारलेल्या जोड्यांपेक्षा या जोड्यांना परस्परांविषयी अधिक जवळीक वाटली. अशी जवळीक म्हणजे वर्षानुवर्षांची निष्ठा नव्हे, हे त्या संशोधकांनाही मान्य होते. मात्र या प्रयोगाची रचना आपल्या फार उपयोगाची आहे, कारण प्रश्न पायरीपायरीने खोल जाणे आणि दोघांनीही उत्तर देणे, हे दोन्ही नियम घरच्या ओट्यावरही पाळता येतात.

पहिली पायरी: आपल्याला काय माहीत नाही, ते आधी ठरवा

एकाच मित्राची किंवा मैत्रिणीची निवड करा. सगळ्या गटाला एकदम ‘जाणून घेण्याचा’ बेत सहसा फसतो. निवडलेल्या व्यक्तीविषयी एका कागदावर काही विषय लिहा: बालपणीचे घर, आजी-आजोबा, भावंडांशी असलेले संबंध, कामावरचा रोजचा दिवस, पैशांविषयीची भीती किंवा निश्चिंती, तब्येत, अर्धवट राहिलेल्या इच्छा, अडचणीत ती व्यक्ती कोणाकडे जाते. प्रत्येक विषयापुढे जे खात्रीने ठाऊक आहे तेवढेच नोंदवा. बहुतेकांच्या कागदावर कामाची आणि मुलांची जागा भरते आणि बाकीच्या जागा कोऱ्या राहतात. त्या कोऱ्या जागांपैकी ज्या एका जागेविषयी मनात खरे कुतूहल आहे, तीच निवडावी, कारण कुतूहल नसताना विचारलेला प्रश्न समोरच्याला लगेच कळतो.

सोबत खूप वेळ घालवला म्हणजे ओळख झालीच, हे गृहीत धरू नये. पुण्याच्या सदाशिव पेठेत किंवा नारायण पेठेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले अभ्यासिकेत शेजारीशेजारी बसतात, एकाच मेसमध्ये जेवतात, एकाच खोलीत कॉट बेसिसवर राहतात, आणि तरीही अनेकदा त्यांना एकमेकांविषयी फक्त कोणाचे किती अटेम्प्ट झाले आणि कोण किती गुणांनी राहिला एवढेच माहीत असते. कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांनी मैत्री जुळायला लागणाऱ्या वेळेचा अभ्यास केला. त्यांच्या अंदाजानुसार नुसती ओळख साध्या मैत्रीत बदलायला सुमारे ५० तास, मित्र म्हणण्याइतके नाते व्हायला सुमारे ९० तास आणि जवळचा मित्र व्हायला २०० पेक्षा अधिक तास लागतात. पण त्याच अभ्यासात, केवळ काम किंवा शिक्षण यांनिमित्त सक्तीने सोबत घालवलेल्या तासांचा मैत्रीवर फारसा परिणाम दिसला नाही. अभ्यासिकेतल्या खोलीमित्रांसाठी ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. तास त्यांच्यापाशी भरपूर आहेत, त्यांतला रात्रीच्या जेवणानंतरचा अर्धा तास परीक्षेबाहेरच्या बोलण्यासाठी राखला तरी पुष्कळ झाले.

दुसरी पायरी: जागा आणि वेळ

समोरासमोर बसून डोळ्याला डोळा भिडवून गंभीर बोलणे आपल्यापैकी अनेकांना जड जाते, पुरुषांना तर अधिकच. म्हणून शेजारीशेजारी असण्याचे प्रसंग निवडावेत: सिंहगडाची चढण, मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरची संध्याकाळ, एसटीचा लांबचा प्रवास, दिवाळीच्या आधी करंज्या करताना, जेवणानंतर भांडी घासताना. हात किंवा पाय कामात असले की बोलण्यातल्या थांबण्याचे दडपण येत नाही. चहाच्या टपरीवर उभ्याने झालेली दहा मिनिटे सुरुवातीच्या प्रश्नांना पुरतात, खोल प्रश्नांना पुरत नाहीत. मोबाइल खिशात ठेवावा. टेबलावर पालथा ठेवलेला मोबाइलही बोलणाऱ्याला घाई असल्याचे सांगत राहतो.

तिसरी पायरी: सुरुवातीचे प्रश्न लहान आणि नेमके असू द्या

‘तुझं बालपण कसं होतं?’ हा प्रश्न इतका मोठा आहे की उत्तर देणाऱ्याला ‘छान होतं’ यापलीकडे काही सुचत नाही. प्रश्नात एखादी जागा, वेळ किंवा वस्तू घातली की आठवणीला धरायला काहीतरी मिळते. ‘सगळ्यात आवडतं’, ‘सगळ्यात वाईट’ असे शब्दही टाळावेत, कारण त्यामुळे समोरचा मनातल्या मनात क्रमवारी लावू लागतो. पुढील प्रश्न बहुतेक कोणालाही विचारता येतात:

‘उन्हाळ्याच्या सुट्टीत तू कुठे असायचास, आणि तिथे दुपार कशी जायची?’
‘तुझं नाव कोणी ठेवलं? दुसरं कोणतं नाव ठरत होतं?’
‘तुमच्या घरात भांडण झालं की समजूत कोण काढायचं?’
‘पहिल्या पगारातून कोणासाठी काय घेतलंस?’
‘शाळेतल्या कोणत्या शिक्षकांचं एखादं वाक्य अजून आठवतं?’
‘घरात असा कोणता पदार्थ आहे, जो एकाच माणसाच्या हातचा लागतो?’
‘तुझ्या कामातला कोणता भाग बाहेरच्यांना दिसतच नाही?’

यांतला शेवटचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. बँकेत, रुग्णालयात, शाळेत किंवा आयटी कंपनीत काम करणाऱ्या आपल्या मित्रांचा दिवस प्रत्यक्षात कसा जातो, याची आपली कल्पना बहुधा चुकीची असते, आणि स्वतःच्या कामाविषयी कोणी नीट विचारले की अबोल माणूसही सविस्तर बोलतो. शिक्षिका असलेली मैत्रीण वर्गात शिकवण्यापेक्षा ऑनलाइन माहिती भरण्यात किती वेळ जातो हे सांगेल, परिचारिका असलेली मैत्रीण रात्रपाळीत नातेवाइकांना धीर देण्याविषयी सांगेल, आणि त्या सांगण्यातून तिचा स्वभाव, तिचा अभिमान आणि तिचा थकवा हे तिन्ही कळतील.

प्रश्न ‘का’ने सुरू करू नये, एवढे एक पथ्य येथेच सांगून ठेवतो. ‘नोकरी का सोडलीस?’ या प्रश्नात जाब विचारल्याचा सूर येतो आणि माणूस समर्थन करू लागतो. ‘सोडायचं नक्की केलंस तो दिवस कसा होता?’ असे विचारले तर तो हकिकत सांगू लागतो, आणि कारण त्या हकिकतीत आपोआप येते.

चौथी पायरी: उत्तरातून निघणारा पुढचा प्रश्न

सगळ्या लेखात याच पायरीवर सर्वाधिक मेहनत घ्यावी, अशी माझी विनंती आहे. हार्वर्ड विद्यापीठातील कॅरन ह्वांग, अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात ऑनलाइन गप्पांमधले आणि पहिल्या भेटीगाठींमधले प्रश्न तपासले होते. जास्त प्रश्न विचारणारी माणसे समोरच्याला अधिक आवडली, आणि त्यातही मिळालेल्या उत्तरालाच धरून विचारलेल्या पुढच्या प्रश्नांचा वाटा सर्वांत मोठा होता. कारण उघड आहे: यादीतला प्रश्न कोणालाही विचारता येतो, पण उत्तरातून निघालेला प्रश्न ऐकल्याशिवाय विचारताच येत नाही.

एक उदाहरण घेऊ. मित्र सांगतो, ‘गेल्या महिन्यात गावाकडची जमीन विकली.’ यावर दहापैकी नऊ जण विचारतात, ‘काय भाव मिळाला?’ भावाचा आकडा सांगितला की विषय संपतो, किंवा त्या भागातल्या जमिनींच्या किमतींवर चर्चा सुरू होते आणि मित्र बाजूला राहतो. त्याऐवजी ‘सह्या करायला कोण कोण गेलं होतं?’ असे विचारून पाहा. मग दुय्यम निबंधक कार्यालयात सगळी भावंडे कशी जमली, आत्याचीही सही लागणार होती म्हणून तिला किती वर्षांनी फोन केला, ती आल्यावर वडिलांच्या डोळ्यांत पाणी कसे आले, खरेदीखतावर अंगठे उमटवून झाल्यावर सगळे एकत्र जेवायला गेले की आपापल्या गाड्यांनी परतले, हे सारे निघते. पुढे ‘तू स्वतः शेतात शेवटचा कधी गेला होतास?’ असे विचारले की तो विहिरीविषयी, आजोबांविषयी, किंवा विकल्यावर मोकळे वाटले म्हणून वाटणाऱ्या अपराधीपणाविषयी बोलेल. हे दोन्ही प्रश्न अगदी साधे आहेत; त्यांसाठी फक्त भावाची उत्सुकता थोडा वेळ बाजूला ठेवावी लागते.

असा प्रश्न सुचत नसेल तर उत्तरातल्या तीन जागा धराव्यात. पहिली जागा म्हणजे माणूस: उत्तरात जिचा ओझरता उल्लेख झाला ती आत्या, तो साहेब, ती शेजारीण. दुसरी जागा म्हणजे निर्णयाचा क्षण: ‘हे ठरलं कसं?’, ‘तेव्हा घरी कोणाला आधी सांगितलंस?’ तिसरी जागा म्हणजे आधी आणि नंतर यांतला फरक: ‘त्याआधी तुला काय वाटलं होतं?’, ‘आता तिथे गेल्यावर कसं वाटतं?’ एका वेळी यांतली एकच जागा धरावी. एका दमात तीन प्रश्न विचारले तर समोरचा सर्वांत सोप्या प्रश्नाचे उत्तर देऊन सुटका करून घेतो.

उत्तर ऐकून सल्ला देण्याची जी घाई होते, तीही येथेच आवरावी. ‘अरे, तू असं करायला हवं होतंस’ हे वाक्य आले की पुढचे बोलणे बंद होते. मदत हवी आहे की केवळ ऐकणारा हवा आहे, याविषयी शंका वाटली तर सरळ विचारावे: ‘तुला यावर माझं मत हवं आहे, की आधी सगळं सांगून घ्यायचं आहे?’

पाचवी पायरी: आपले उत्तर

केवळ विचारत राहणारा माणूस काही वेळाने परका वाटू लागतो. दोन-तीन प्रश्नांनंतर आपणही त्याच प्रश्नाचे उत्तर द्यावे, आणि ते समोरच्याच्या उत्तराइतकेच मोकळे असावे. मैत्रिणीने पहिल्या पगाराची हकिकत सांगताना घरच्या कर्जाचा उल्लेख केला असेल आणि आपण ‘मी घड्याळ घेतलं’ एवढेच म्हणून थांबलो, तर तिला आपण जास्तच बोललो असे वाटेल. उलट तिचे बोलणे अर्ध्यावर तोडून ‘माझंही अगदी असंच झालं’ म्हणत आपली लांबण लावणेही तितकेच घातक असते. आपली गोष्ट तिची गोष्ट पूर्ण झाल्यावर, आणि तिच्याहून थोडी लहान असावी.

सहावी पायरी: खोल प्रश्न

जुजबी प्रश्नांवरून एकदम ‘तुझी सगळ्यात मोठी भीती कोणती?’ येथे उडी मारू नये, पण खोल प्रश्न विचारलेच नाहीत असेही करू नये. मायकेल कार्डस, अमित कुमार आणि निकोलस एपली यांच्या २०२१ सालच्या संशोधनात असे दिसले की खोल विषयांवर बोलणे जितके अवघड जाईल असे लोकांना आधी वाटते, तितके ते प्रत्यक्षात जात नाही, आणि समोरच्याला आपल्या बोलण्यात असलेला रस आपण कमी लेखतो. त्यामुळे गप्पांना अर्धा तास होऊन गेला असेल आणि दोघांनीही काही ना काही सांगितले असेल, तर पुढच्यासारखा एखादा प्रश्न विचारायला हरकत नाही. एका भेटीला एक किंवा दोन पुरेत.

‘आईची किंवा बाबांची कोणती सवय तुला आता स्वतःमध्ये दिसते?’
‘गेल्या काही वर्षांत तुझं कोणत्या बाबतीतलं मत पूर्ण बदललं?’
‘पैशांची काळजी म्हणजे काय, हे पहिल्यांदा कधी कळलं?’
‘करायचं ठरवून सोडून दिलेली कोणती गोष्ट अजून मनात आहे?’
‘कोणाचे आभार मानायचे राहून गेले?’
‘रात्री दोन वाजता अडचण आली तर कोणाला फोन करशील?’
‘मी कसा वागलो की तुला बरं वाटतं, आणि माझ्या कशाचा त्रास होतो?’

शेवटचा प्रश्न विचारण्याआधी उत्तर निमूटपणे ऐकण्याची मनाची तयारी करावी. उत्तर मिळताच खुलासे देऊ लागलो तर तो प्रश्न पुन्हा कधीही विचारता येणार नाही.

खोल प्रश्नानंतर शांतता येते आणि तिला घाबरून बहुतेक जण प्रश्न मागे घेतात, ‘जाऊ दे, असंच विचारलं’ असे म्हणतात. रोजच्या बोलण्यात एकाचे वाक्य संपणे आणि दुसऱ्याचे सुरू होणे यांत फार थोडे अंतर असते. जगातल्या १० भाषांच्या एका तुलनेत ते सरासरीने सेकंदाच्या सुमारे एक पंचमांश इतकेच भरले. या वेगाची सवय असल्यामुळे चार-पाच सेकंदांचे थांबणेही आपल्याला फार लांब वाटते. प्रत्यक्षात तेवढ्या वेळात माणूस आठवत असतो, काय सांगावे हे ठरवत असतो. अशा वेळी चालत राहावे, चहा संपवावा, आणि थांबावे.

सातवी पायरी: जपून विचारायचे प्रश्न

आपल्याकडे ओळख करून घेण्याच्या नावाखाली विचारले जाणारे काही प्रश्न माणसाला दूर लोटतात. ‘पूर्ण नाव काय?’, ‘मूळ गाव कुठलं?’, ‘तुमच्यात हे चालतं का?’ हे प्रश्न वरवर निरुपद्रवी दिसतात. परंतु भाड्याची खोली शोधताना, वसतिगृहात किंवा कार्यालयात जात ताडून पाहण्यासाठी ज्यांना ते वारंवार विचारले गेले आहेत, त्यांच्या मनात ते ऐकताच सावधपणा येतो. गावाविषयी आस्था असेल तर ‘लहानपणी खेळायला कुठे जायचात?’ असे विचारावे; गावाचे नाव सांगायचे की नाही, हे मग त्या व्यक्तीच्या हाती राहते. ‘लग्न कधी?’, ‘गोड बातमी कधी?’, ‘पॅकेज किती?’, ‘वजन वाढलं का?’ या प्रश्नांचीही तीच गत आहे. मूल व्हावे म्हणून उपचार घेत असलेल्या किंवा गर्भपाताचे दुःख सोसलेल्या मैत्रिणीला हळदीकुंकवाच्या वेळी चारचौघींत हा प्रश्न आला, तर ती पुढच्या वर्षी येणे टाळते. एकांतात ‘सध्या तुझ्या मनावर कशाचा भार आहे?’ असे विचारले, तर सांगायचे असल्यास ती स्वतः सांगेल.

गटात आणि दूर असताना

चारांहून अधिक जण जमले की गप्पा आपोआप फुटतात, म्हणून कोजागरीच्या रात्री किंवा दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात लहान कोंडाळी करावीत, सर्वांना एकच हलका प्रश्न द्यावा, प्रत्येकाला न अडवता बोलू द्यावे आणि ‘मी या फेरीत नाही’ असे म्हणण्याची मुभा आधीच जाहीर करावी. पहिले उत्तर प्रश्न सुचवणाऱ्याने द्यावे, कारण बाकीचे त्याच्याइतकेच मोकळे होतात.

परदेशातल्या मित्रासाठी मजकुरापेक्षा व्हॉइस नोट बरी, कारण तीत आवाज ऐकू येतो आणि उत्तर सवडीने देता येते. एका नोटमध्ये एकच प्रश्न आणि त्याला जोडून आपले उत्तर पाठवावे. प्रत्यक्ष बोलायचे असेल तर महाराष्ट्रातली शनिवारची सकाळ सोयीची पडते. येथे ८ वाजतात तेव्हा न्यू जर्सीत हिवाळ्यात शुक्रवार रात्रीचे साडेनऊ आणि उन्हाळ्यात साडेदहा वाजलेले असतात.

आठवी पायरी: बोलणे झाल्यानंतर

मित्राने विश्वासाने सांगितलेली गोष्ट पती, पत्नी किंवा गटातल्या इतरांना सांगण्याआधी त्याची परवानगी घ्यावी. महत्त्वाच्या तारखा आणि नावे घरी आल्यावर टिपून ठेवावीत: आईच्या शस्त्रक्रियेचा दिवस, मुलाखतीची तारीख, आत्याचे नाव. त्या दिवशी केलेला दोन मिनिटांचा फोन आणि पुढच्या भेटीत ‘आत्याशी नंतर बोलणं झालं का?’ हा प्रश्न, कोणत्याही नव्या प्रश्नापेक्षा अधिक काम करतो.

कधी कधी उत्तरात गंभीर निराशा निघते. ‘आता जगण्यात अर्थ वाटत नाही’ अशा अर्थाचे काही ऐकले तर विषय बदलू नये. आत्महत्येचा विचार मनात येतो का, हे स्पष्ट शब्दांत आणि शांतपणे विचारावे. विचारल्यामुळे तो विचार डोक्यात शिरत नाही. त्याला एकटे सोडू नये, घरच्या विश्वासू माणसाला आणि डॉक्टरांना सोबत घ्यावे. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि त्यावर मराठीतही बोलता येते.

आणि एखादा मित्र काहीच बोलला नाही, हसून विषय बदलला, तर तो प्रश्न त्या दिवसापुरता सोडून द्यावा आणि तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत लगेच पुन्हा विचारू नये. ‘ठीक आहे, कधी वाटलं तर सांग’ एवढे म्हणून त्याच्या आवडीच्या विषयाकडे वळावे आणि भेटींचा क्रम चालू ठेवावा. काही माणसे प्रश्नाचे उत्तर त्या वेळी देत नाहीत, चार महिन्यांनी भलत्याच विषयावर बोलता बोलता देतात. तेव्हा ते ओळखता यावे यासाठी आपण काय विचारले होते, तेवढे मात्र लक्षात ठेवावे.